जाहिरातीत पगार लिहिला नाही म्हणून तो ठरलेला नसतो असं नाही

परदेशातल्या नोकरीची जाहिरात उघडली की कामाचं वर्णन पानभर, कंपनीची मूल्यं अर्धं पान, आणि पगाराच्या जागी ‘कॉम्पिटिटिव्ह’ एवढा एकच शब्द. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. तो का येतो आणि अशा जाहिरातीसमोर आपल्या मुलांनी काय करावं, हे सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पोस्ट मोठी आहे, पण घरातलं कोणी बाहेर अर्ज करत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मी मुंबईत कंपन्यांच्या पगाररचनेचंच काम करते. त्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगते: जाहिरात बाहेर पडते तेव्हा पगार ठरलेला असतो. नवी जागा उघडायची तर आधी तिची ग्रेड लागते, ग्रेडला बँड असतो आणि त्या बँडचा खालचा-वरचा आकडा फायनान्सने मंजूर केलेला असतो. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत तर त्याशिवाय ती जागा सिस्टिममध्ये उघडतच नाही. म्हणजे आकडा असतो, फक्त तुम्हाला दाखवलेला नसतो. तो झाकून ठेवल्याचा सगळ्यात जास्त तोटा त्यालाच होतो, ज्याला तिथल्या बाजाराची सगळ्यात कमी माहिती असते. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या माणसाला शेजारी, मित्र, युनियन यांच्याकडून अंदाज असतो. डोंबिवलीहून अर्ज करणाऱ्याकडे फक्त स्वतःची सॅलरी स्लिप असते.

मैत्रिणीचा मुलगा ठाण्यात राहायचा. ऑटोमेशनमध्ये पाच-सहा वर्षांचा अनुभव, सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यावर वर्षाला पडणारा एकूण खर्च, चौदा लाख. गेल्या वर्षी त्याला स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची जाहिरात सापडली. पगाराचा उल्लेख नाही, उलट शेवटी एक ओळ: आपली अपेक्षा वार्षिक ग्रॉसमध्ये, म्हणजे कर-विमा कापण्याआधीच्या पगारात, कळवा. जर्मनीत ही ओळ सर्रास असते. त्याने हिशेब केला तो आपल्याकडचे बहुतेक जण करतात तोच. चौदाचे तिप्पट बेचाळीस लाख, युरो शंभर रुपयांच्या आसपास, म्हणून बेचाळीस हजार युरो. तेवढे मागायलाही त्याला संकोच वाटत होता. ‘मावशी, जास्त तर होत नाहीत ना?’ असं विचारत माझ्याकडे आला.

२०२५ साली जर्मनीच्या ब्लू कार्डसाठी, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला तिथे राहून नोकरी करायच्या परवान्यासाठी, किमान वार्षिक पगार ४८,३०० युरो होता. ज्या व्यवसायांत तिकडे माणसं कमी पडतात, आणि त्यांत इंजिनिअर येतात, त्यांच्यासाठी सवलतीचा आकडा ४३,७५९ युरो ८० सेंट. म्हणजे हा मुलगा जे संकोचून मागणार होता, त्यावर त्याला ब्लू कार्डसुद्धा मिळालं नसतं. शिवाय जाहिरातीतच एक ओळ होती, जिच्याकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं: कंपनी आयजी मेटाल या कामगार संघटनेच्या करारानुसार पगार देते. असा करार असला की आकडा गुप्त उरत नाही. स्टुटगार्ट ज्या प्रांतात आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये या कराराचे १ ते १७ असे पगारगट आहेत, आठवडा ३५ तासांचा आहे आणि सगळा तक्ता उघड प्रसिद्ध होतो. अनुभवी इंजिनिअर ज्या गटांत बसतो तिथला वार्षिक आकडा साठ हजारांच्या पुढे जातो. मी त्याला तो तक्ता उघडून दाखवला. बराच वेळ तो नुसता बघत राहिला.

त्याने त्या तक्त्याच्या आधाराने अपेक्षा कळवली आणि ती मान्य झाली. तो हुशार होताच, पण हुशारीने हा आकडा कळत नाही. तो कुठे लिहून ठेवलाय हे कोणीतरी सांगावं लागतं.

म्हणून पहिलं काम: ज्या देशात जायचं, तिथल्या व्हिसाचा किमान पगार शोधा. हा आकडा सरकार स्वतःच्या संकेतस्थळावर छापतं आणि कंपनीला त्याच्या खाली जाता येत नाही. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून थेट ३८,७०० झाला आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७००. त्याशिवाय प्रत्येक व्यवसायाचा वेगळा दर असतो, आणि दोन्हींपैकी जास्त असेल तो लागू होतो. सिंगापूरच्या एम्प्लॉयमेंट पास या नोकरीच्या परवान्यासाठी २०२५ पासून महिन्याला किमान ५,६०० सिंगापूर डॉलर लागतात, आणि वय वाढेल तसा हा आकडा चढत जातो. पंचेचाळिशीच्या माणसाला तो जवळपास दुप्पट लागतो. चाळिशीतले आपले लोक हे विसरतात आणि पंचविशीतल्या मुलाचा आकडा धरून बसतात. मात्र हे सगळे किमान आकडे आहेत. याखाली काहीही मान्य करायचं नाही, एवढंच ते सांगतात. योग्य पगार त्याच्या वर कुठेतरी असतो.

तो वरचा आकडाही बऱ्याचदा सापडतो. सिंगापूरमध्ये परदेशी माणसासाठी पासचा अर्ज करण्याआधी बहुतेक कंपन्यांना ती जागा मायकरिअर्सफ्यूचर या सरकारी पोर्टलवर टाकावी लागते आणि तिथे पगाराची रेंज लिहिणं सक्तीचं आहे. कंपनीच्या स्वतःच्या पानावर नसलेला आकडा तिथे मिळू शकतो. जर्मनीच्या रोजगार खात्याचा एन्टगेल्टअटलास प्रत्येक व्यवसायाचा मधला पगार प्रांतानुसार दाखवतो. स्वित्झर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाचं सालारियम नावाचं गणकयंत्र आहे. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी कंपनीला पगार जाहीर करावा लागतो आणि तिथलं कामगार खातं ती सगळी माहिती कंपनी, पद आणि शहरासकट प्रसिद्ध करतं. त्यात फक्त मूळ पगार असतो, शेअर आणि बोनस नसतात, हे ध्यानात ठेवा. आणखी एक उपाय मला फार उपयोगी पडतो. कोलोरॅडोत २०२१ पासून, न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून आणि कॅलिफोर्नियात जानेवारी २०२३ पासून जाहिरातीत रेंज द्यावी लागते. तुमच्या कंपनीचं ऑफिस तिथे असेल, तर त्याच पदाची तिकडची जाहिरात उघडा. देश बदलला की आकडे बदलतात, पण कोणती पायरी कोणत्या पायरीच्या किती वर आहे, ते कळतं.

आता हातात काय येतं त्याबद्दल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात, आणि दोन्ही बाजूंनी फसतात.

आपण सीटीसीच्या भाषेत वाढलोय. सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीसुद्धा मोजलेली असते. युरोपातल्या ग्रॉस पगारात कंपनीचा हिस्सा नसतो, तो कंपनी वरून वेगळा भरते. त्यामुळे सीटीसी आणि ग्रॉस शेजारी शेजारी ठेवून तुलना करणं मुळातच चुकीचं आहे. ऑस्ट्रेलियात तर एकच आकडा दोन प्रकारे सांगतात. ‘प्लस सुपर’ म्हटलं तर निवृत्तीचे १२ टक्के वेगळे मिळतात, आणि ‘पॅकेज’ म्हटलं तर बहुधा ते त्या आकड्यातच धरलेले असतात. नेदरलँड्समध्ये ८ टक्के सुट्टीभत्ता असतो, तो धरून सांगितलाय की सोडून, हे विचारावं लागतं.

जर्मनीत ५५,००० युरो ग्रॉस असलेल्या एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण २,९०० युरो येतात. पंचावन्न लाख म्हणून नातेवाइकांत जो आकडा फिरतो, तो हा. आणि त्यावरही शंभराने गुणाकार करायचा नसतो, कारण ते पैसे म्युनिकमध्ये खर्च व्हायचे आहेत, मुलुंडमध्ये नाहीत. मुलुंडचा हिशेब बघा. आईवडिलांच्या घरात राहणारं जोडपं. भाडं शून्य, लोकलचा पास, दोघांचे पगार, बाळ सांभाळायला आजी. म्युनिकला गेल्यावर घरभाडंच हजार-दीड हजार युरो, अनामत म्हणून तीन महिन्यांपर्यंतचं भाडं, अनेक घरांत स्वयंपाकघराचा ओटासुद्धा स्वतः बसवायचा, आणि बायकोची इथली नोकरी सुटलेली. तिला तिथे काम करायची परवानगी असते, पण भाषा येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. त्या काळात बुडालेला तिचा पगार कोणीही हिशेबात धरत नाही. मी तो पहिल्या ओळीत धरायला लावते. घरातल्या बाईचं उत्पन्न हे वरखर्चाचे पैसे आहेत, असं मानणाऱ्या हिशेबाला मी हिशेब म्हणत नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. कमाई नसलेल्या जोडीदाराला आणि मुलांना तिथल्या सरकारी आरोग्यविम्यात वेगळा हप्ता भरावा लागत नाही. एकाच पगारावर चालणाऱ्या विवाहिताला कर कमी बसतो. मुलामागे २०२५ मध्ये महिन्याला २५५ युरो मिळत होते. सरकारी शाळेला फी नाही. घाटकोपरमध्ये शाळेची फी आणि डोनेशन भरलेल्या आईबापांना ही रक्कम किती मोठी आहे ते सांगायला नको. उलट ब्रिटनला जाताना मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार लागतो, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे पैसे अर्जाबरोबर एकदम भरायचे. तीन वर्षांचे दोघांचे मिळून सहा हजार पौंडांच्या वर गेले. ते कंपनी भरणार की आपण, हा प्रश्न पगाराइतकाच मोठा आहे.

म्हणून मी हाताखालून जाणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगते. रुपयांत बदलू नका. त्या शहरात, तेच काम करणाऱ्या, तुमच्याएवढ्या कुटुंबाच्या माणसाकडे महिनाअखेर किती उरतात ते शोधा, आणि त्या उरलेल्या पैशांची तुलना तुमच्या आजच्या उरलेल्या पैशांशी करा.

दुसरं म्हणजे, इथला पगार सांगू नका. ‘करंट सीटीसी?’ हा प्रश्न आपल्याला इतका अंगवळणी पडलाय की रिक्रूटरने विचारायच्या आत आपण सांगून मोकळे होतो. एकदा तुम्ही चौदा लाख म्हणालात की पुढचं सगळं बोलणं त्या चौदाला बांधलं जातं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या पगार-पारदर्शकतेच्या निर्देशात दोन्ही गोष्टी आहेत: पगाराची रेंज उमेदवाराला मुलाखतीच्या आधीच कळली पाहिजे, आणि आधीचा पगार विचारायचा नाही. सदस्य देशांना आपापले कायदे करायला ७ जून २०२६ ची मुदत दिली होती. ऑस्ट्रियात तर करारानुसारचा किमान पगार जाहिरातीत लिहिणं २०११ पासूनच बंधनकारक आहे. तेव्हा पहिल्याच कॉलवर ‘या पदासाठी मंजूर झालेली रेंज काय आहे?’ असं शांतपणे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. तिकडे तो नेहमीचा प्रश्न आहे. दोनदा विचारूनही उत्तर टाळलं गेलं तर मी त्या जागेवर वेळ घालवू नका असं सांगते, आणि हे मी त्याच क्षेत्रात काम करणारी बाई म्हणून सांगतेय.

हे सगळं झालं पदवीधरांचं. माझ्या मते खरी गंभीर गोष्ट आखाताची आहे. रत्नागिरी-चिपळूणकडचे वेल्डर, फिटर, ड्रायव्हर मुंबईत येऊन ट्रेड टेस्ट देतात. त्यांना पगार सांगितला जातो, पण बरेचदा एकरकमी. आत बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती हे विचारायचं राहून जातं. यूएईत नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकवर मोजतात, आणि ओव्हरटाइमही बेसिकवरच. सहा हजार दिरहमच्या दोन ऑफर घ्या. एकीत बेसिक २,४००, दुसरीत ३,६००. पाच वर्षांनी पहिल्याला ८,४०० दिरहम मिळतील, दुसऱ्याला १२,६००. जाहिरातीत मात्र दोन्हीकडे सहा हजारच दिसणार. राहायची जागा कोणाची, जेवण कोणाचं, परतीचं तिकीट किती वर्षांनी, हे करारात लिहून आलं पाहिजे. तोंडी आश्वासनाला तिथे उतरल्यावर कोणी विचारत नाही. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं, आणि त्याला कायद्याने ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणाऱ्यांबद्दल तक्रार करायची तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, म्हणजे बाहेर कामाला जाणाऱ्यांसाठीचा सरकारी अधिकारी, याचं कार्यालय मुंबईत बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) विदेश भवनात आहे. गावाकडून आलेल्या माणसाला तिथपर्यंत सोबत करायची वेळ आली तर नक्की करा.

शेवटी एक मागणी, बाहेर असलेल्या सगळ्यांकडे. आपल्यात पगार विचारणं असभ्य मानतात आणि सांगणं बढाई. घर किती स्क्वेअर फुटांचं, मुलीच्या लग्नात किती खर्च झाला, हे आपण खुशाल बोलतो. पगाराशी आलो की ‘चाललंय बरं’. आकडा झाकणाऱ्या कंपन्यांचं काम याने सोपं होतं. तेव्हा धाकट्या भावंडांनी विचारलं तर पूर्ण सांगा: पद, शहर, अनुभवाची वर्षं, ग्रॉस किती, हातात किती, भाडं किती, घरात कमावणारे किती. नाव-कंपनी नका सांगू. ठाण्याच्या त्या मुलाला मी हेच सांगितलं होतं. आता तो त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर दर जानेवारीत, जर्मनीचे नवे आकडे लागू झाले की, सगळा तक्ता मराठीत लिहून टाकणार आहे.