तलवार आली, कागदांचं काय?

नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावातून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. नागपुरात आनंद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण तेव्हापासून चर्चेत एकच वाक्य फिरतं आहे: इंग्रजांनी लुटून नेली, आपण परत आणली. यातल्या दुसऱ्या अर्ध्या वाक्याची पावती आहे. पहिल्या अर्ध्याची कुणी मागितली?

नागपूरहून लंडनला जायच्या वाटा निदान तीन होत्या. पहिली १८१७ ची: नोव्हेंबरच्या २६-२७ तारखेची सीताबर्डीची लढाई, त्यानंतर डिसेंबरात इंग्रजांच्या हाती गेलेलं शहर. दुसरी १८५४ ची: तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारसाविना वारले, राज्य खालसा झालं, भोसल्यांचे हत्ती-घोडे सीताबर्डीला लिलावात गेले आणि जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला. तिसरी वाट शांततेतली, म्हणजे रेसिडेंटाला (दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीला) दिलेला नजराणा. प्रत्येक वाटेचा कागद वेगळा. लुटीचा माल वाटताना प्राइझ एजंट, म्हणजे त्या वाटणीसाठी नेमलेले अधिकारी, याद्या करत, लिलावाच्या बोलींची नोंद होई, आणि नजराणा रेसिडेंटाने स्वतःकडे ठेवायचा नाही असा नियम असल्याने तो कंपनीच्या तोशाखान्यात, म्हणजे भेटवस्तूंच्या कोठारात, जमा दाखवावा लागे. कुठल्या यादीत तलवार सापडते ते पाहिल्याशिवाय ‘लुटली’ हा शब्द अंदाज आहे. बरोबर असेलही, पण अंदाजच.

आता तलवारीकडेच बघा. पातं सरळ, एकधारी, युरोपात घडलेलं. मूठ मुल्हेरी घाटाची, म्हणजे मुल्हेरच्या घडणीची. पात्यावर सोन्याने देवनागरीत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. इथे इंग्लंडमध्ये विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे असा फोटो टाकला की तासभर त्याच एका ओळीवर जातो. ‘फिरंग’ म्हणजे विलायती पात्याची तलवार; म्हणजे ज्याला आपण आपलं शस्त्र म्हणतो त्याचं लोखंड व्यापारातून आलेलं. ‘सेनासाहेबसुभा’ हे छत्रपतींकडून मिळणारं पद; ते मिळण्याआधी हा मजकूर कोरला जाणं शक्य नाही, म्हणून ती काळाची खालची मर्यादा. वरची मर्यादा मात्र अवघड, कारण पद घराण्यात चालत आलं आणि दुसरे रघुजीही सेनासाहेबसुभाच होते. तलवार पहिल्या रघुजींची हे नुसत्या नावावरून ठरत नाही. घडण, नक्षी, अक्षरांचं वळण यांचा पुरावा जोडावा लागतो. इतिहासाची पदवी म्हणून इथे जे शिकवतात ते साधारण एवढंच आहे.

इंग्लंडमधली पदवी तीन वर्षांची, ३६० क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे दहा तास, आणि त्यात विद्यार्थ्याने घरी काढलेले तासही धरलेले असतात. २० क्रेडिटचा विषय म्हणजे २०० तास. त्यातले वर्गातले पंचवीस-तीस, बाकीचं वाचन आणि लेखन. सेमिनारला दहा-पंधरा मुलं, आठवड्याला तीन-चार लेख आणि एक मूळ कागद. दोन-तीन हजार शब्दांचा निबंध, प्रत्येक दाव्याला तळटीप. गुण ७० च्या वर गेले की पहिला वर्ग, आणि ८० पार करणारा निबंध विरळा. नागपुरातून ८२ टक्के घेऊन आलेल्या मुलाला पहिल्याच निबंधात ५४ पडतात तेव्हा त्याला वाटतं इंग्रजी कमी पडलं. बहुधा तसं नसतं. त्याने सगळी माहिती बरोबर लिहिलेली असते, पण प्रश्नाला उत्तर दिलेलं नसतं.

हे ‘सगळी माहिती बरोबर’ प्रकरण आपल्याकडून येतं. अठराशे सत्तावन्नच्या उठावाची कारणे: राजकीय, सामाजिक, आर्थिक, धार्मिक, लष्करी. झोपेतून उठवलं तरी पाचही मथळे येतील. सोळा गुणांचा प्रश्न, पाच मथळे, प्रत्येकाखाली चार ओळी, शेवटी ‘अशा प्रकारे’. कोणतं कारण किती जड आणि कशावरून, हे कुणी विचारत नाही. वर स्पर्धा परीक्षेचं गणित. आपल्याकडे इतिहास घेणाऱ्याला घरी एकच प्रश्न असतो, ‘एमपीएससी करणार का?’ हो म्हटलं की सुटका. मग अभ्यासिकेत तारखांचे तक्ते आणि झेरॉक्सच्या नोट्स. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेला ते पुरतंही. मात्र त्याच पदवीच्या जोरावर १८१७ बद्दल कुणी ठाम बोललं तर त्याचं बोलणं कुठल्या कागदावर उभं आहे हे त्यालाही सांगता येत नाही. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपूरच्या महाल भागात जी दंगल झाली, तिच्यानंतर तरी शहराने इतिहासाच्या वर्गाला फावल्या वेळचा विषय समजू नये.

म्हणून इथलं सगळं सोनं, असं मात्र नाही. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाची फी २० हजार पौंडांच्या पुढे सहज जाते. इथल्या मुलांनाही २०२५-२६ मध्ये ९,५३५ पौंड होती. पैशाची ओढाताण आली की मानव्यविद्यांवर आधी कुऱ्हाड, हे इथेही चालू आहे. आणि एक खोट अशी, जी नागपूरकरालाच आधी दिसावी. इथला विद्यार्थी नागपूरवर प्रबंध लिहितो तेव्हा ब्रिटिश लायब्ररीच्या तिसऱ्या मजल्यावर जातो, फुकट मिळणारा पास दाखवतो, पेन बाहेर ठेवून पेन्सिल घेतो आणि इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याचे, कागद मागवतो. (ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर कित्येक महिने तिथली सूचीही धड चालत नव्हती, घरचं अर्काइव्ह रडकं म्हणताना हेही लक्षात असावं.) समोर येतं ते रिचर्ड जेन्किन्सचं पत्र. १८१७ मध्ये जेन्किन्स नागपूरचा रेसिडेंट म्हणून सीताबर्डीच्या रेसिडेन्सीतच होता. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांनी २४ नोव्हेंबरला पेशव्यांकडची खिलत (मानाचा पोशाख) उघड दरबारात स्वीकारली ती त्याच्या लेखी दगलबाजी. दरबारात तिचा अर्थ काय होता ते त्याच्या पत्रात नाही, आणि मोडी येत नसेल तर विद्यार्थ्यालाही ते कधी कळणार नाही. तळटिपा निर्दोष, आणि साक्षीदार एकाच बाजूचा.

म्हणजे नागपूरच्या मुलाकडे जे आहे ते इथे पैसे टाकूनही मिळत नाही. राज्याच्या पुराभिलेख खात्याचं कार्यालय नागपुरात आहे, भाषा घरची आहे, लिपी शिकता येते. प्रश्न पदवीच्या रचनेचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षाला १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे. प्रकल्पाच्या एका क्रेडिटला ३० तास धरले तर ३६० तास होतात. इथला अंतिम वर्षाचा प्रबंध ४० क्रेडिटचा असला तर ४०० तासांचा, लांबी दहा हजार शब्दांच्या आसपास. फरक नाममात्र. पण आपल्याकडे अट अशी की पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील त्यालाच संशोधनाचा रस्ता. इथे ४५ वाला आणि ७५ वाला दोघेही सहसा प्रबंध लिहितात, कारण कागद वाचणं हा पदवीचा गाभा मानला जातो, हुशारांचं बक्षीस नव्हे. पाच मथळ्यांच्या परीक्षेत ७५ मिळवणारा कागद चांगला वाचेल याची हमी कुणी दिली? संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ ला आलेली पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला पोचेल. तोवर ही अट विद्यापीठांनी मिळून बदलून घ्यावी.

तिथे पोचणाऱ्यांनी विषय लहान घ्यावा. ‘नागपूरकर भोसले: एक अभ्यास’ हे शीर्षक मंजूर लवकर होतं आणि संपत कधीच नाही. ‘१८५४ च्या लिलावात भोसल्यांची कोणती शस्त्रं विकली गेली’ हा विषय ३६० तासांत मावतो. विषय ठरायच्या आधी दफ्तरात जाऊन कागद आहेत का ते बघावं. उलट क्रमाने गेलेले प्रकल्प जानेवारीत अडकतात आणि मग छापील पुस्तकांतून उतारे जोडले जातात. महाविद्यालयाचं पत्र आणि ओळखपत्र पहिल्याच दिवशी सोबत असावं. उतरवून घेताना रुमालाचा (कागदांच्या गठ्ठ्याचा) आणि कागदाचा क्रमांक तिथल्या तिथे टिपावा, घरी येऊन तो आठवत नाही.

मोडीची अक्षरं पंधरा दिवसांत ओळखू येतात. घाईत लिहिलेलं पत्र वाचायला सहा महिने धरावेत: आधी पानभर रेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली, दोन शब्दांत अंतर नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. आणि खरी फसगत तारखेत होते, कारण ती सुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांवरच्या अरबी आकड्यांच्या कालगणनेत असते. समजा, पत्रावर ‘छ ५ मोहरम, सुहूर सन खमस अर्बैन मया व अलफ’ आहे. ‘छ’ म्हणजे चंद्र, महिन्याची पाचवी तिथी. आकडे उलटे वाचायचे: अलफ हजार, मया शंभर, अर्बैन चाळीस, खमस पाच, सन ११४५. त्यात ५९९ मिळवले की १७४४, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुमाराला सुरू होतो. जानेवारीनंतरच्या कागदाला ६०० मिळवावे लागतात. त्या सनातला मोहरम फेब्रुवारीत येतो, तेव्हा पत्र फेब्रुवारी १७४५ चं. बंगालच्या मोहिमेवरचं असेल तर हे एक वर्ष फार महाग पडतं, कारण मधे ३१ मार्च १७४४ आहे: बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने रघुजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना भेटीला बोलावून मारलं तो दिवस.