बोट थांबवायची कोणी?

18 जानेवारी 2024 ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. तेव्हापासून बडोद्याहून फोन आला की बोलणं एकाच वळणावर जातं: कोणाला पकडलं, कोण सुटलं, महापालिकेतला बडा अधिकारी आत का नाही. तिथल्या दांडिया बाजार भागातला हा राग खोटा नाही. 1993 मध्ये शहरातल्याच सुरसागर तलावात बोट उलटून 22 जण बुडाले होते. तेच पुन्हा पाहावं लागलं तर माणूस चिडणारच.

पण साउथॅम्प्टनहून पाहताना (ब्रिटनमधल्या जहाज अपघातांची चौकशी करणारं सरकारी खातं याच शहरात आहे) आधी दुसरंच विचारावंसं वाटतं. 14 जणांच्या बोटीत दुपटीच्या आसपास माणसं चढत होती, तेव्हा ‘बस, बाकीचे पुढच्या फेरीला’ असं म्हणण्याचा अधिकार धक्क्यावर कोणाला होता? आणि तसं म्हणणाऱ्याची नोकरी टिकली असती का?

6 मार्च 1987 ला बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही गाड्या आणि प्रवासी नेणारी मोठी फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली. गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं आणि काही मिनिटांत ती आडवी झाली. 193 माणसं मेली. दरवाजे लावायचं काम असिस्टंट बोसनचं (बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम), आणि तो केबिनमध्ये झोपलेला. आपल्याकडे चौकशी इथेच आटोपली असती. तिथे ती पुढे गेली. बोसन त्या डेकवरून शेवटी निघाला, पण दरवाजे लावणं त्याचं काम नव्हतं, म्हणून त्याने लावले नाहीत. चीफ ऑफिसरने दरवाज्यापाशी थांबून खात्री करायची होती आणि त्याच वेळी ब्रिजवरही, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, हजर राहायचं होतं. कप्तानाला वरून दरवाजे दिसत नव्हते. कोणी अडचण कळवली नाही म्हणजे सगळं तयार, अशीच कंपनीची पद्धत होती. वर पंधरा मिनिटं लवकर निघा, हा कचेरीचा तगादा. दरवाजा उघडा असल्याचं दाखवणारा दिवा ब्रिजवर लावा, ही कप्तानांची मागणी कचेरीने उडवून लावली होती. अपघातानंतर बाकीच्या जहाजांवर ते दिवे काही दिवसांतच बसले!

यातूनच पुढे आयएसएम कोड, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय नियमावली, आला, 1998 पासून प्रवासी जहाजांना सक्तीचा. त्यातली एक तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते: प्रत्येक कंपनीने किनाऱ्यावर एक जबाबदार माणूस नेमायचा, आणि त्याला मधल्या साहेबांना वगळून थेट सर्वांत वरच्या व्यवस्थापनाशी बोलता आलं पाहिजे.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. हेरल्डच्या कंपनीवरचा सदोष मनुष्यवधाचा खटला 1990 मध्ये कोसळला, आणि त्यासाठी नवा कायदा यायला 2007 उजाडलं. जहाजावर 24 तासांत किमान 10 तास विश्रांतीचा नियम आहे. पण माणसं कमी आणि बंदरं लागोपाठ आली की वहीत 10 तास भरतात, झोप मात्र होत नाही. शिक्षेच्या बाबतीत बडोदेकरांचा हट्ट मला इथल्या सभ्य अहवालांपेक्षा कधीकधी जास्त खरा वाटतो.

मात्र नुसत्या अटकेने काय उरतं ते दक्षिण कोरियाच्या ‘सेवोल’ या प्रवासी जहाजात दिसतं. 2014 मध्ये ती बुडाली, 304 बळी, बहुतेक शाळकरी मुलं. 987 टन मालाची परवानगी, भरला 2,000 टनांवर. बाहेरून भाररेषा (जास्तीत जास्त किती बुडावं याची खूण) पाण्याखाली जाऊ नये म्हणून तळातलं बॅलास्टचं, म्हणजे तोल राखायला भरलेलं, पाणी कमी केलं. म्हणजे जहाज वर जड, खाली हलकं. कप्तानाला जन्मठेप झाली, योग्यच. पण माल नीट भरलाय की नाही हे तपासण्याचं काम जहाजमालकांच्याच संघटनेकडे होतं.

हरणीचं दुखणं याच जातीचं. तिकीट फाडणाराच माणसं मोजत असेल, तर प्रत्येक जादा माणूस त्याला कमाईच दिसणार. त्यात छोट्या बोटीत माणसांचं वजन हाच मुख्य भार. चार जण उभे राहिले किंवा सगळे एका कडेला झुकले की ती कलते, आणि आत आलेलं पाणी त्याच बाजूला धावून तिला सावरू देत नाही.

म्हणून पुन्हा कुठल्याही तलावावर बोटी सोडायच्या असतील, तर मोजणारा महापालिकेच्या पगारावरचा हवा, ठेकेदाराच्या नव्हे. ठेकेदाराचं उत्पन्न तिकिटांवर नको, ठरलेल्या रकमेवर हवं. निघण्याआधी डोकी मोजून आकडा किनाऱ्यावर लिहून ठेवायचा. लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालायचं, आणि मुलांना मुलांच्याच मापाचं, पायांमधून जाणाऱ्या पट्ट्यासकट. मोठ्यांचं जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निसटतं. मुलांची जॅकेटं दहाच असतील तर त्या फेरीला मुलंही दहाच. शिवाय थांबवलेल्या फेऱ्यांची एक वही ठेवायची आणि ती दर आठवड्याला आयुक्तांच्या टेबलावर जायला हवी. सुट्टीच्या मोसमात ती कोरी आली, तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी न सांगता धक्क्यावर जाऊन डोकी मोजावीत.