टोपोग्राफिक ओशन्स: त्या प्रतिक्रियेला उत्तर

येस या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ या 1973 च्या डबल रेकॉर्डवर आणि ती अजूनही जीव लावून ऐकणाऱ्या माझ्यासारख्या लोकांवर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं, त्यावर एक प्रतिक्रिया आलीय. खाली नाव नाही, त्यामुळे मी नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो. उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं वाढलं की वेगळंच टाकतोय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती इथे देतो (रिक वेकमन म्हणजे बँडचा कीबोर्डवाला, आणि तळटीप म्हणजे जिच्यावरून ही रेकॉर्ड सुचली ती, पुढे येईलच):

“रेकॉर्डिंग मॉर्गन स्टुडिओत झालं, अ‍ॅडव्हिजनमध्ये नाही. रिक वेकमन स्वतःच सांगत आलाय की माल एका रेकॉर्डला जास्त आणि दोनांना कमी होता, आणि तो बँड सोडून गेला. एक तळटीप वाचून शास्त्रांवर ऐंशी मिनिटं वाजवणं हा उथळपणा आहे. आणि खरं सांगू का, तुमच्यासारख्यांना ही रेकॉर्ड आवडत नाही, ती आवडते हे दाखवायला आवडतं. जरा माणसांत या.”

आधी चूक मान्य करतो. स्टुडिओ मॉर्गनच, लंडनमधल्या विल्सडनचा. त्याच्या आधीची ‘क्लोज टू दि एज’ अ‍ॅडव्हिजनमध्ये झाली होती आणि दोन्हीकडे साउंड इंजिनिअर एडी ऑफर्ड होता, त्यामुळे लिहिताना हात घसरला. गंमत म्हणजे मॉर्गनमध्ये गवताच्या पेंढ्या आणि पुठ्ठ्याच्या गाई उभ्या केल्या होत्या, कारण गायक जॉन अँडरसनला हे सगळं रानात जाऊन रेकॉर्ड करायचं होतं, ही गोष्ट मला तोंडपाठ आहे आणि तरी मी स्टुडिओचं नाव चुकीचं लिहिलं. तुमचं बरोबर. मूळ लेखात दुरुस्ती केलीय, धन्यवाद.

आता ‘जरा माणसांत या’. ओळख ना पाळख, तुम्ही मला कधी पाहिलं नाही, मी काय करतो, कुठे राहतो, घरी कोण आहे यातलं काहीही तुम्हाला माहीत नाही आणि तुम्ही सरळ सांगून मोकळे की माणसांत या. मी तुमच्या घरी येऊन रेकॉर्ड लावली होती का? लेखाच्या वर मोठ्या अक्षरात रेकॉर्डचं नाव लिहिलेलं होतं, ज्याला नको त्याने वाचू नये. मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही. गेली कित्येक वर्षं इथे लिहितोय, लोकांनी मला कच्चं खाल्लंय, मी ऐकून घेतलंय. पण मुद्दा मांडायचा आणि जाता जाता एक चिमटा काढायचा, तोही नाव न लावता, याला चर्चा म्हणत नाहीत.

आणि मुख्य ते वाक्य. ‘आवडत नाही, आवडते हे दाखवायला आवडतं.’ हे मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतोय. खोटं कशाला बोलू, लागलं मला ते.

दाखवायला समोर कोणीतरी लागतं हो. मी ही रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली तेव्हा समोर कोण होतं ते ऐका.

1989 साल, सांगली, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, होस्टेल. माझा रूममेट कराडकडचा, त्याचा मोठा भाऊ मस्कतला होता. भाऊ सुट्टीवर आला की टू-इन-वन, सेंटच्या बाटल्या आणि कॅसेटी यायच्या. त्यातली एक टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट, कोणीतरी कोणाकडून तरी रेकॉर्ड करून घेतलेली, वर बॉलपेनने इंग्रजीत फक्त ‘येस ओशन्स’. गाण्यांची नावं नाहीत, कव्हर नाही, काही नाही. रेकॉर्डच्या चार बाजू, प्रत्येकी वीस मिनिटांच्या आसपास, म्हणजे दोन बाजू कॅसेटच्या एका अंगाला बसायच्या आणि शेवटी चारेक मिनिटं नुसता टेपचा ‘श्श’ आवाज. तो आवाजही मला गाण्याचाच भाग वाटायचा.

रूममेटला ती अजिबात आवडली नाही. त्याने दोनदा लावली आणि मला देऊन टाकली. होस्टेलवर तेव्हा काय चालायचं, तर किशोरकुमार, जगजीत, आणि इंग्रजी ऐकणारे दोन-चार जण मायकल जॅक्सन किंवा फार तर पिंक फ्लॉइड. ‘येस’ म्हणून बँड आहे हे आमच्या मजल्यावर एकालाही माहीत नव्हतं. आता सांगा, मी हे कोणाला दाखवत होतो? मेसच्या आचाऱ्याला? घरी तासगावला कॅसेट लावली तर वडील म्हणाले, टेप बिघडलाय का बघ. हेडफोन लावून, गादीत तोंड खुपसून, सबमिशनच्या रात्री मी ती ऐकायचो, आणि कोणी आलं की बंद करायचो, कारण आलेला हमखास विचारायचा की हे काय लावलंयस. लपवून ऐकायचो मी, लपवून! आणि तुम्ही म्हणता दाखवायला.

बरं, मला पहिल्या झटक्यात आवडली असंही नाही. पहिल्या बाजूच्या सुरुवातीला अँडरसन एका दमात, एकाच लयीत शब्द म्हणत जातो, स्तोत्र म्हटल्यासारखं, आणि मग सगळा बँड वर येतो, तेवढं धरून ठेवणारं होतं. दुसरी बाजू मला सहा महिने कळली नाही. वेकमनचा मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड) आणि मागे क्रिस स्क्वायरचा फ्रेटलेस, म्हणजे पडदे नसलेला, बास गिटार, हळूहळू लाटा येतात जातात, त्यात ‘गाणं’ कुठे आहे हेच मी शोधत बसायचो. तिसरी तर सरळ अंगावर येते, स्टीव्ह हाउचं स्टील गिटार किंचाळतं नुसतं. पण त्याच तिसऱ्या बाजूत एक गोष्ट झाली. अँडरसन काही शब्द एकामागून एक म्हणतो आणि त्यात मला चक्क ‘धूप’ ऐकू आलं. टेप थांबवली, मागे घेतली, परत धूप. थोड्या वेळाने ‘सूर्जे’. रूममेटला उठवून ऐकवलं, तो म्हणाला तुला भास होतोय, झोप. भास नव्हता, वेगवेगळ्या भाषांतली सूर्याची नावं आहेत ती. पण हे मला कळायला अजून काही वर्षं जायची होती. आणि त्या किंचाळण्याच्या शेवटी हाउ सगळं खाली ठेवून साधं नायलॉन तारांचं गिटार घेतो ना, ती जागा यायच्या आधीची बारा मिनिटं सहन केल्याशिवाय ती जागा तशी लागतच नाही. हे मला कोणी शिकवलेलं नाही, कुठल्या मासिकात वाचलेलं नाही. सांगलीत मासिक मिळत होतं कुठे?

शास्त्रं, परमहंस योगानंदांचं पुस्तक, तळटीप यातलं काहीसुद्धा मला तोवर माहीत नव्हतं. 1989 पासून पुढची सहा-सात वर्षं मी ही रेकॉर्ड तिच्याबद्दल एक अक्षर न वाचता ऐकली. मग नोकरीला मुंबईत आलो तेव्हा जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या एकाकडे मूळ कव्हर हातात आलं. रॉजर डीनचं ते चित्र, तारे, दगड, धबधबा, मागे ते मायन देऊळ आणि पोहणारे मासे, आणि आत अँडरसनने लिहिलेलं की टोकियोच्या हॉटेलात ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी’ हे योगानंदांचं पुस्तक वाचताना पान 83 वरची तळटीप सापडली, त्यात श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं असे शास्त्रांचे चार भाग दिले होते, त्यावरून चार बाजू. फुटपाथवर उभा राहून मी हसत होतो वेड्यासारखा. त्याच पुस्तकाचं मराठी भाषांतर ‘योगी कथामृत’ आमच्या घरी आईच्या कपाटात होतं! आई ते वाचायची त्याच्या शेजारच्या खोलीत मी हे ऐकायचो आणि दोघांनाही पत्ता नव्हता. हा आनंद तुम्हाला ‘दाखवणं’ वाटत असेल तर मी काय बोलणार.

अजून एक सांगतो, खरं तर सांगणार नव्हतो. 1993 ला वडील मिरजेत हॉस्पिटलमध्ये होते, जवळजवळ महिना. रात्री मी असायचो. वॉकमन आणि तीच कॅसेट. पहाटे तीन-साडेतीनला वॉर्डात जो एक प्रकारचा सन्नाटा असतो तो ज्यांनी काढलाय त्यांना माहीत आहे. मी चौथी बाजू लावायचो. त्यात मध्ये सगळा बँडच ताशे बडवल्यासारखा ड्रम्सवर उतरतो, अ‍ॅलन व्हाइट, स्क्वायर, सगळे, आणि ते वादळ संपल्यावर अँडरसन अगदी शांत, फ्रेंचमध्ये, आम्ही सूर्याचे आहोत असं गातो. तेव्हा मला फ्रेंच येत नव्हतं, आजही येत नाही. पण खिडकीत उजाडायला लागलेलं असायचं आणि वडिलांचा श्वास चालू आहे हे बघत मी ते ऐकायचो. वडील त्यातून उठले नाहीत. त्या बाजूला मी आजही हात लावताना विचार करतो. हे मी कोणाला दाखवत होतो, सांगाल का? नर्सबाईंना?

माफ करा, आवाज चढला. पण तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात आणि माझ्यासाठी ती ओळ तेवढीच नाही.

आणि हे फक्त माझं नाही. मागच्या लेखावर किती लोकांनी काय काय लिहिलंय ते वर जाऊन वाचा. एकजण कोल्हापूरहून सांगतोय की मोटरसायकलवर घाटात दुसरी बाजू गुणगुणतो. एकीने लिहिलंय की नवऱ्याबरोबर पहिलं भांडण या रेकॉर्डच्या आवाजावरून झालं. हे सगळे नाटक करतायत? पन्नास वर्षांनंतर, एकमेकांना न ओळखणारे लोक, सगळे मिळून? 1973 च्या नोव्हेंबरमध्ये तर येसने रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच इंग्लंडमध्ये दौरा सुरू केला आणि कोणी कधी न ऐकलेले हे चारही भाग सलग वाजवले. लोक बसून ऐकत होते. काही कंटाळले असतील, असणारच. पण ज्यांना तिथे लागलं त्यांना आधी कोणी सांगितलेलं नव्हतं की हे आवडून घ्यायचं असतं, उलट समीक्षकांनी झोडपलंच, मेलडी मेकर आणि रोलिंग स्टोन या संगीत नियतकालिकांनीही. समीक्षक एका बाजूला आणि इंग्लंडच्या खपाच्या यादीत रेकॉर्ड पहिल्या नंबरवर. दाखवायचंच असतं तर लोकांनी समीक्षकांना आवडणारं काहीतरी धरलं असतं ना, ज्या रेकॉर्डची सगळे टिंगल करतात ती धरून कोणाला काय मोठेपणा मिळतो? प्रोग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, ऐकणाऱ्यांतसुद्धा निम्मे लोक ‘ओशन्स’ म्हटलं की नाक मुरडतात.

मी सवाईला रमणबागेत पहाटेपर्यंत बसलोय, गारठलेल्या पायांनी. विलंबित ख्याल तासभर चालतो, कोणी उठून म्हणत नाही की बुवा, माल वीस मिनिटांचा होता. तिथे आपण रागाला वेळ देतो. इथे गोरी पोरं गिटार घेऊन तेवढाच वेळ मागतात तर लगेच फुगवलेलं, उथळ, दिखाऊ. का? (दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही, कृपया यावर वेगळी प्रतिक्रिया नको.)

वेकमनचं म्हणाल तर हो, तो तसं म्हणतो, मँचेस्टरच्या कार्यक्रमात स्टेजवर बसून त्याने करी खाल्ली, 1974 ला सोडून गेला, सगळं माहीत आहे. दोन वर्षांनी परतही आला. वाजवणाऱ्याला कंटाळा आला म्हणून ऐकणाऱ्याने कंटाळायचं असा नियम नाही. तळटिपेच्या मुद्द्यावर मला वाद घालायचा नाही, तो वेगळा विषय आहे आणि शास्त्रं कोणी किती वाचून गावं हे ठरवणारा मी कोण, तुम्ही कोण. तुम्ही स्वतः वाचली आहेत का चारही? नसतील तर राहू द्या.

एक मात्र मला मनापासून विचारायचंय. तुम्ही ही रेकॉर्ड सलग, एका बैठकीत, दिवा मालवून किंवा न मालवून, पण मध्ये फोन न बघता ऐकली आहे का? प्रतिक्रियेत स्टुडिओ आहे, वेकमन आहे, तळटीप आहे, मी आहे. एकाही सुराबद्दल एकही शब्द नाही. हाउच्या गिटारबद्दल वाईट लिहिलं असतंत तरी मला बरं वाटलं असतं, म्हटलं असतं की माणसाने ऐकलंय आणि नाही आवडलं, संपलं. माझ्या रूममेटला नाही आवडली, आजही तो माझा जिवलग आहे, तो फोनवर विचारतो, अजून ती बिघडलेली टेप ऐकतोस का रे? त्याच्यावर मी कधी चिडलो नाही. कारण त्याने रेकॉर्डबद्दल मत दिलं, माझ्या आतल्या गोष्टीबद्दल नाही.

पुढच्या लेखात ठरल्याप्रमाणे चौथ्या बाजूवरच लिहिणार आहे, तुमच्यामुळे बदलत नाही. तिथे पुन्हा यावंसं वाटलं तर या, पण नाव लावून या, आणि निदान पहिली बाजू पूर्ण ऐकून या. 2003 च्या रिमास्टरमधली (आवाज नव्याने सुधारून काढलेली) ऐकलीत तर सुरुवातीला दोनेक मिनिटं जास्तीची आहेत, मूळ रेकॉर्डमध्ये नसलेली, लाटांसारखे आवाज हळूहळू जवळ येतात. ती सोडून पुढे जाऊ नका.