आशाताई ‘बोगस डॉक्टर’ होणार म्हणे!

गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंना ट्रेनिंग देऊन डिप्रेशनवर उपचार करायला लावणं म्हणजे बोगस डॉक्टर तयार करणं, गप्पा मारून आजार जात नाही, तज्ज्ञांकडेच जावं आणि गावभर बभ्रा होईल तो वेगळाच, अशा अर्थाचे फॉरवर्ड नाशिकच्या ग्रुपांवरही दिसतात. एकेक मुद्दा घेऊ.

बोगस डॉक्टर सुई टोचतो, गोळ्या देतो. इथे गोळीला हातच लावायचा नाही. झोप, भूक, कामात लक्ष, मरणाचे विचार असे ठरावीक नऊ प्रश्न विचारायचे, नैराश्य दिसलं तर ठरलेल्या पद्धतीने समुपदेशन करायचं. भास होत असतील किंवा जिवाचं बरंवाईट करायची भाषा असेल, तर थेट डॉक्टरकडे. स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मानसिक आजार आशाताईने बरा करावा, असं कुणी म्हणत नाही.

आता ‘गप्पा’. समजा, नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याची एक बाई द्राक्षाच्या कामाला जायची, आता अंथरूण सोडत नाही. ‘टेन्शन घेऊ नका’ हे तिला सगळं गाव सांगून बसलंय. समुपदेशक तसं सांगत नाही. काल सकाळपासून काय काय केलं ते विचारते, त्यातलं काय केल्यावर जरा बरं वाटलं ते शोधते, आणि एकच काम ठरवते: उद्या कोंबड्या सोडायच्या. पुढच्या आठवड्यात विचारते, झालं का? नसेल तर आडवं काय आलं? गोव्यात अशाच पद्धतीची सहा ते आठ सत्रं मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी घेतली. रुग्ण तीव्र नैराश्याचे होते. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले आकडे: तीन महिन्यांनी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत 39 टक्के. गप्पाच म्हणायच्या तर म्हणा.

‘तज्ज्ञांकडेच जा’ हे नाशिक शहरात गंगापूर रोडवर राहणाऱ्याने म्हणावं. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. सुरगाण्यासारख्या लांबच्या तालुक्यातून नाशिकला यायचं तर बाईचा रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचाही.

बभ्र्याची भीती मात्र खरी आहे. आशाताई लसीकरणाला, बाळंतिणीला बघायला घरोघरी जातेच, त्यामुळे ती का आली असं कुणी विचारत नाही. पण सासू शेजारून उठत नाही, त्याचं काय? ट्रेनिंगमध्ये याचा सराव हवा.

खरी मेख फॉरवर्डवाल्यांना दिसलीच नाही. गोव्यातले समुपदेशक याच कामासाठी नेमलेले होते. तीन आठवडे वर्ग, मग सहा महिने शिकाऊ म्हणून काम. सत्रांचं रेकॉर्डिंग गटात ऐकून एकमेकांना गुण द्यायचे. आपल्याकडची आशा ठरावीक मानधन आणि कामागणिक मोबदला यांवर राबते, वर ढीगभर रजिस्टरं. तिच्यावर हे आणखी एक काम लादून दोन दिवसांचं शिबिर उरकलं, तर गोव्याचे आकडे इथे दाखवू नयेत. जिल्हा परिषदेला विचारायचंच असेल तर हे विचारा: या कामाचे वेगळे पैसे किती, आणि तिची सत्रं ऐकून चुका दाखवणारा माणूस पेठ-सुरगाण्याला कोण?