स्टाउट जगभर एकच असते? त्या व्हायरल मेसेजला उत्तर

नाशिकच्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: वाइनमध्ये जाती असतात, माती असते, वर्षं असतात, बिअरमध्ये तसं काही नसतं. त्यातही स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर, जगात कुठेही घ्या, एकच. काळी म्हणजे कडक. खरी फक्त आयर्लंडची, कारण तिथलं लिफी नदीचं पाणी, बाकीच्या सगळ्या नकला. शिवाय ते थंड देशाचं पेय, उष्ण हवेत चालत नाही. आणि शेवटी, तिच्यात इतकं लोह असतं की तिकडे डॉक्टर बाळंतिणीला प्यायला देतात.

मी गंगापूर धरणाच्या बाजूला वाइन टेस्टिंगचं काम करतो. शेनिन ब्लां आणि शिराझ यांत काय फरक आहे, हे पाहुण्यांना समजावण्यात माझा दिवस जातो. ज्या शहराने तीसेक वर्षांत द्राक्षाच्या जाती, तोडणीची वेळ, लाकडी पिंपं हे सगळं कौतुकाने शिकून घेतलं, त्याच शहरात हा मेसेज टाळ्या घेतोय याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"काळी म्हणजे कडक."

रंग येतो भाजलेल्या धान्यातून. नशा येते आंबलेल्या साखरेतून. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. बिअरचं मूळ म्हणजे माल्ट. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो आणि वाळवतो, बार्लीचं म्हणजे जवाचंही तेच करतात. त्यातला थोडासाच भाग पार काळा होईपर्यंत भाजतात, आणि तेवढ्यानेही अख्खं पिंप काळं होतं. 1817 साली डॅनियल व्हीलरने इंग्लंडमध्ये धान्य भाजायच्या फिरत्या ड्रमचं पेटंट घेतलं. त्यानंतर बिअर काळी करणं सोपं आणि स्वस्त झालं.

घरी करून बघा. रविवार कारंजाच्या कुठल्याही किराणा दुकानात जव मिळतात. मूठभर जव लोखंडी तव्यावर मंद आचेवर हलवत राहा. आधी लाह्यांसारखा वास येतो, मग बिस्किटाचा, आणि दाणा कॉफीच्या रंगाचा झाला की कडवट कोकोचा. त्यातले दहा-बारा दाणे कपभर गरम पाण्यात टाका, पाणी काळपट होईल. त्यात अल्कोहोलचा थेंबही नाही, पण स्टाउटचा निम्मा वास तुमच्या नाकात आलेला असेल.

आता आकडे. गिनेस ही आयर्लंडची सगळ्यात प्रसिद्ध स्टाउट. तिच्या नळातून ओतायच्या प्रकारात, म्हणजे गिनेस ड्राफ्टमध्ये, अल्कोहोल साधारण 4.2 टक्के. आपल्याकडे सर्वात जास्त खपणाऱ्या सोनेरी 'स्ट्राँग' बाटल्यांवर 8 टक्क्यांपर्यंतचा आकडा छापलेला असतो. म्हणजे इथे काळी सौम्य आणि पिवळी कडक. इंग्लंडची मॅकेसन मिल्क स्टाउट तर 3 टक्क्यांच्या आसपासच असते. "काळी आहे, दोन ग्लासांत आडवा होशील" असं सांगणाऱ्याने आधी लेबल वाचावं. जडपणाचंही तसंच. गिनेस ड्राफ्टमध्ये 100 मिलिलिटरला साधारण 35 ते 37 कॅलरी असतात, नेहमीच्या 5 टक्क्यांच्या लागरपेक्षा (आपल्याकडची नेहमीची सोनेरी बिअर) कमी.

"खरी फक्त आयर्लंडची."

आयर्लंडबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण स्टाउट जन्मली लंडनमध्ये. अठराव्या शतकात तिथल्या हमालांची आवडती पोर्टर नावाची गडद बिअर होती, आणि तिच्या कडक प्रकाराला स्टाउट पोर्टर म्हणत. आर्थर गिनेसने डब्लिनमध्ये सेंट जेम्सेस गेटची जागा 1759 साली भाड्याने घेतली, 9,000 वर्षांच्या कराराने, वर्षाला 45 पौंड. तेव्हा तो एल नावाची साधी बिअर बनवत होता. पोर्टर नंतर आली, आणि एल पूर्ण बंद करून तो फक्त पोर्टरवर आला 1799 मध्ये. लंडनची चाल डब्लिनने उचलली आणि पुढे तिला स्वतःचं रूप दिलं, असा खरा क्रम आहे.

ते रूप कसं आलं, हे मला सगळ्यात रंजक वाटतं. ब्रिटनमध्ये 1880 पर्यंत कर माल्टवर होता, त्यामुळे मोड न आणलेलं धान्य बिअरमध्ये वापरायला मनाई होती. ती बंधनं उठली आणि पुढे आयरिश स्टाउटमध्ये माल्ट न केलेली, नुसती भाजलेली बार्ली आली. तिची कोरडी, कॉफीसारखी कडवट चव हीच आज आयरिश स्टाउटची ओळख आहे. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी इंग्लंडच्या बिअर सरकारने पातळ करायला लावल्या, आणि तिथल्या स्टाउट हळूहळू गोड आणि हलक्या होत गेल्या. म्हणजे करआकारणी आणि युद्ध यांनी एकाच बिअरच्या दोन वाटा केल्या. यात अस्सल कोण आणि नक्कल कोण?

गिनेसचा तो मखमली फेस, ज्यावर लोक एवढे भाळतात, तोसुद्धा पुरातन नाही. मायकेल अ‍ॅश या गणिताच्या माणसाने नायट्रोजन मिसळून बिअर ओतायची पद्धत गिनेससाठी 1959 मध्ये यशस्वी केली. नायट्रोजन पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून बुडबुडे बारीक राहतात आणि जिभेवर साय लागल्यासारखं वाटतं. हा सगळा गॅसचा गुण. परदेशात गिनेसचीच बाटलीतली फॉरेन एक्स्ट्रा प्यायलेले लोक "हिला तो फेस नाही, नकली आहे" म्हणतात. तिच्यात नायट्रोजन घालतच नाहीत, आणि ती ड्राफ्टपेक्षा जुनी आहे.

आयर्लंडमध्येही एकच चव नाही. कॉर्क शहराच्या मर्फीज आणि बीमिश चाखणारा माणूस त्यांना गिनेसच्या नकला म्हणणार नाही. मर्फीज जरा मऊ, टॉफीकडे झुकलेली, तर बीमिशमध्ये चॉकलेटचा स्वाद पुढे येतो.

"लिफी नदीचं पाणी."

हे थोडक्यात. कारखान्याशेजारून लिफी वाहते, पण बिअरसाठी पाणी डब्लिनजवळच्या विक्लोच्या डोंगरांतून आणलं जातं. आणि 1936 पासून 2005 पर्यंत गिनेसचा मोठा कारखाना लंडनच्या पार्क रॉयल भागात चालू होता. इंग्लंडमधल्या कित्येक पिढ्यांनी लंडनचं पाणी असलेली गिनेस आवडीने प्यायली. पाण्यातले क्षार महत्त्वाचे असतात हे खरं, पण आजचा ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, ते मोजून कमी-जास्त करतो.

"थंड देशाचं पेय."

इथे मेसेज सगळ्यात जास्त चुकला आहे. 1801 मध्येच गिनेसने कॅरिबियन बेटांसाठी वेस्ट इंडिया पोर्टर काढली होती. लांबच्या समुद्रप्रवासात टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) जास्त आणि अल्कोहोलही जास्त. आजची फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट तिचीच वंशज. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला गिनेसने नायजेरियातल्या लागोस शहराजवळ इकेजात कारखाना काढला. 2007 मध्ये नायजेरियातला खप आयर्लंडच्याही पुढे गेला. लागोसचा उकाडा आपल्या मे महिन्याला मागे टाकणारा आहे.

नायजेरियाची गंमत आपल्याला जास्त जवळची वाटेल. 1980 च्या दशकात तिथल्या सरकारने बार्लीच्या आयातीवर बंदी आणली. तेव्हा स्टाउट बनू लागली ज्वारी आणि मक्यापासून. भाजक्या बार्लीचा स्वाद यावा म्हणून डब्लिनहून काळा अर्क येतो आणि तो स्थानिक बिअरमध्ये मिसळतात. साडेसात टक्क्यांची, तिखट कडवट, अंगाने भरलेली अशी ती बिअर डब्लिनच्या ड्राफ्टपासून फार लांबची आहे. पेठ रोडच्या कडेला ज्वारीचं शेत बघताना मला हे हमखास आठवतं.

जमैकाची ड्रॅगन स्टाउट अल्कोहोलने तेवढीच, पण गोड, काकवीच्या वळणाची. श्रीलंकेची लायन स्टाउट 8.8 टक्के. तिच्यात चॉकलेट, मनुका आणि जळक्या साखरेचा स्वाद येतो. ब्रिटिशांनी चहाच्या मळ्यांच्या नुवारा एलियात बिअरचा धंदा रुजवला, त्या परंपरेतली ती आहे. उष्ण देशांतल्या या स्टाउटना जाणकार वेगळा गटच मानतात: गोडसर, फळांच्या स्वादाच्या, हॉप्सचा कडवटपणा कमी, आणि पुष्कळदा लागरच्या यीस्टने आंबवलेल्या.

थंडीकडे गेलात तर तिथेही एकच चव सापडत नाही. लंडनच्या थ्रेल यांच्या कारखान्यातून रशियाच्या कॅथरीन राणीच्या दरबारासाठी जी दणकट स्टाउट जायची, तिच्यावरून इंपीरियल स्टाउट हा प्रकार आला. ती आजही 9 टक्क्यांच्या वर सहज जाते आणि वाइनसारखी घोट-घोट घ्यायची असते. बाल्टिक किनाऱ्यावर, पोलंड आणि फिनलंडमध्ये, तिची चुलत भावंडं थंडीत सावकाश आंबवतात. अमेरिकन लोकांनी तीच इंपीरियल बर्बन या त्यांच्या व्हिस्कीच्या पिंपांत मुरवली, त्यामुळे व्हॅनिला आणि ओकचा वास येतो. ओक पिंपात मुरवलेली शिराझ प्यालेल्या नाशिककराला हा वास ओळखीचा वाटेल.

मिल्क स्टाउटबद्दल एक खुलासा, कारण मेसेजच्या खाली कुणीतरी "दूध घातलेली बिअर, पचायला चांगली" असं लिहिलंय. तिच्यात दूध नसतं, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज असतं. यीस्टला ती साखर खाता येत नाही, म्हणून ती बिअरमध्ये गोडी होऊन शिल्लक राहते. ज्यांना दूध सोसत नाही, त्यांनी ही बिअर टाळलेली बरी. ब्रिटनमध्ये 1946 पासून लेबलवर 'मिल्क' लिहायला बंदी आली, ती याच गैरसमजामुळे.

"लोह भरपूर, बाळंतिणीला देतात."

बाकीच्या चुका चवीच्या आहेत, ही आरोग्याची आहे. गिनेसची 'गिनेस तुमच्यासाठी चांगली' ही जाहिरात 1929 ची. आयर्लंडमध्ये एकेकाळी रक्तदात्यांना आणि बाळंतिणींना ती देत असत हेही खरं. पण अर्ध्या लिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं. आपल्याकडे बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन संस्थेची शिफारस सांगते. म्हणजे तो हिशोब पुरा करायला पिंप रिकामं करावं लागेल. अल्कोहोल आईच्या दुधात उतरतं, आणि त्यामुळे दूध पाजताना पान्हा सुटायला मदत होण्याऐवजी अडथळाच येतो. ती जाहिरात कंपनीनेही केव्हाच मागे टाकली आहे.

आमच्या ग्रुपवर एका मावशींनी तो मेसेज वाचून खरंच विचारलं, सुनेला थोडी द्यावी का? मावशी, अजिबात देऊ नका. अळिवाचे लाडू करा, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोहाच्या गोळ्या चुकवू नका. आणि ज्यांनी मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी निदान ही शेवटची ओळ तरी आपापल्या ग्रुपवर आजच दुरुस्त करावी.