जुन्या काँक्रीटची खडी आणि फ्लाय अ‍ॅश: ‘दुप्पट कमजोर’ हा हिशेबच चुकीचा

पाडलेल्या बांधकामाचं काँक्रीट फोडून केलेल्या खडीबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ही खडी मुळातच कमजोर, वर सिमेंट कमी करून फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीजकेंद्रातली कोळशाची बारीक राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली दळलेली मळी) घातला की काँक्रीट दुप्पट कमजोर, पुरावा म्हणून सात दिवसांचा क्यूब (ताकद तपासायला दाबून फोडतात तो काँक्रीटचा ठोकळा) बघा, शिवाय पाणीही जास्त लागतं.

‘खडी कमजोर.’ अर्धं खरं. आतला दगड सहसा शाबूत असतो. अडचण त्याला चिकटलेल्या जुन्या मॉर्टरची, म्हणजे सिमेंट-वाळूच्या थराची. ते सच्छिद्र असतं आणि क्रशरमध्ये त्याला बारीक भेगाही पडतात. म्हणून साधी खडी एक-दोन टक्के पाणी शोषते, तिथे ही बऱ्याचदा ३ ते १० टक्के शोषते.

‘दुप्पट कमजोर.’ मजकुराची खरी चूक इथे आहे. सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होताना चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सुटतो. तो ताकदीला फारसा उपयोगी नाही, आणि खडीलगतच्या पोकळ थरात तो जास्त साचतो. फ्लाय अ‍ॅशमधली सिलिका याच चुन्याशी संयोग पावते आणि सिमेंटला ताकद देणारा जेल आणखी तयार होतो. म्हणजे ती नेमकी दुखऱ्या जागी काम करते. सिलिका फ्यूमचे, म्हणजे सिलिकॉनच्या भट्टीतून मिळणाऱ्या सिलिकेच्या धुळीचे, कण तर सिमेंटच्या कणांपेक्षा शंभरेक पट बारीक. आधी थोड्या पाण्यात खडी आणि सिमेंट-फ्यूम फिरवून उरलेलं पाणी मागाहून घातलं, तर खडीवर पातळ लेप बसतो आणि वरवरची छिद्रं, भेगा भरतात. अर्थात प्रमाण हवंच: सिमेंटच्या जागी सिलिका फ्यूम साधारण ५ ते १० टक्के, फ्लाय अ‍ॅश २० ते ३०. राख वाटेल तेवढी ओतायची नसते.

‘सात दिवसांचा क्यूब.’ फ्लाय अ‍ॅशची क्रिया सावकाश चालते, त्यामुळे सात दिवसांना आकडा कमी येणारच. तिची परीक्षा ५६ किंवा ९० दिवसांना घ्यावी, आणि तोवर क्युरिंगमध्ये हयगय नको. पाणी मारणं लवकर थांबवून राखेला दोष देणं मला मुळीच पटत नाही. लवकर ताकद हवी असेल तर मेटाकाओलिन (भाजलेली चिनी माती) किंवा सिलिका फ्यूम आहेच.

‘पाणी जास्त.’ खडी आधी भिजवा, नाहीतर ती शोषणार तेवढं पाणी मिक्समध्ये हिशेबात धरा. स्लंप, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, कमी झाला म्हणून साइटवर पाणी ओतलं की सगळं मुसळ केरात.

ज्याची काळजी खरोखर करायला हवी, ते मात्र त्या मजकुरात नाही. जुन्या मॉर्टरमुळे काँक्रीटचा ताठपणा कमी राहतो, आकुंचन वाढतं. राख घालून हे पूर्ण भरून निघत नाही, म्हणून बीमचं वाकणं डिझाइनमध्येच तपासावं लागतं. राख आणि स्लॅगमुळे सळई गंजवणाऱ्या क्लोराइडचा शिरकाव कमी होतो हे चांगलंच. पण चुना खर्ची पडल्याने कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचं सळईला गंजापासून वाचवणं संपत जाणं) सळईपर्यंत लवकर पोहोचू शकतं. तिथे कव्हरमध्ये, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीत, काटकसर चालत नाही. आणि मूळ काँक्रीट समुद्रकाठचं असेल, तर खडीतलं क्लोराइड आधी तपासून घ्यावं.