‘काल जमलं, आज नाही’ म्हणजे मेंदू सुकला असं नव्हे

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: साठीनंतर डोकं रोज वेगळं चालतं. मोबाईलवर खूण दिसताच टॅप करायची टेस्ट घ्या. लागलेल्या वेळेचा आकडा मिलिसेकंदात (सेकंदाच्या हजाराव्या भागात) एकदा ३०० आणि एकदा ६०० आला, तर मेंदू सुकायला लागलाय. अशा माणसाकडून गाडीची चावी काढून घ्या. रोज कोडी सोडवली की सगळं पूर्ववत होतं.

‘डोकं रोज वेगळं चालतं’

इथे दोन वेगळ्या गोष्टींची भेळ झालीय. एक चढउतार क्षणाक्षणाचा. दिवा लागला की बटण दाबायचं, असं सलग शंभर वेळा करायला लावलं, तर पंचविशीतल्या माणसाच्या वेळा एकमेकींच्या जवळ पडतात आणि सत्तरीतल्याच्या जास्त पांगतात. हे खरं आहे. पण लहान मुलांच्याही पांगतात. ६ ते ८१ वर्षांच्या लोकांवरचा २००५ सालचा अभ्यास हेच दाखवतो: लहानपणी पांगापांग जास्त, तरुणपणी सर्वांत कमी, उतारवयात पुन्हा वाढ.

दुसरा चढउतार दिवसादिवसाचा, आणि मेसेजमधला शब्द ‘रोज’ आहे. बर्लिनच्या ‘कॉजिटो’ अभ्यासात २० ते ३१ वयाचे १०१ आणि ६५ ते ८० वयाचे १०३ जण सुमारे शंभर दिवस त्याच चाचण्या देत होते. २०१३ साली निकाल आला: तुलना केलेल्या नऊही चाचण्यांत दिवसागणिक फरक ज्येष्ठांचा कमी, तरुणांचा जास्त. ठरलेली दिनचर्या, स्थिर मूड आणि टिकून राहिलेली चिकाटी ही संशोधकांनी सुचवलेली कारणं. रोज साडेपाचला त्याच कट्ट्यावर त्याच जागी बसणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

‘३०० आणि ६०० आलं म्हणजे संपलं’

समजा दहा वेळा टॅप केलं आणि मिलिसेकंदात आकडे आले: ३१०, ३२०, ३०५, ३३०, ३१५, ३२५, ३१०, ३२०, ३१५, ६२०. सरासरी ३४७. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा काढला, तर सुमारे ३१७. नऊ वेळा हात ठीक चालला, एकदा लक्ष सुटलं. उतारवयात पांगापांग वाढते ती बरीचशी अशा अधूनमधून येणाऱ्या लांब आकड्यांमुळे. एखादा ६२० तरुणांनाही येतो. मोजायचं ते किती वेळा येतो हे.

शिवाय मुळात हात सावकाश असेल तर फरकही मोठाच दिसणार. सरासरी ३०० ला ३० चा फरक आणि सरासरी ४५० ला ४५ चा फरक, दोन्हीचं प्रमाण १० टक्केच. मेसेज हा भागाकार करतच नाही.

आणि मोबाईल! स्क्रीन स्वतःच उशीर लावते, कोरड्या बोटाचा स्पर्श कधी कधी घेतच नाही. खेळच करायचा तर पट्टी बरी. समोरच्याने पट्टी उभी धरायची, तुम्ही शून्यापाशी अंगठा आणि तर्जनी दोन सेंटिमीटर उघडी ठेवायची. त्याने न सांगता, दर वेळी वेगळं थांबून सोडायची. २० वेळा करा, पहिले पाच आकडे सोडून द्या, कारण हात बसेपर्यंत ते सुधारतच जातात. १५ सेंटिमीटरला पकडली तर १७५ मिलिसेकंद, २० ला २०२, ३० ला २४७. शाळेची ३० ची पट्टी ज्येष्ठांच्या हातून बऱ्याचदा निसटते आणि नापास झाल्यासारखं वाटतं. दोष पट्टीच्या लांबीचा. कापड दुकानातली मीटरची घ्या, ६० सेंटिमीटर म्हणजे ३५० मिलिसेकंद. यातून रोगनिदान मात्र होत नाही.

‘मेंदू सुकतो’

वयानुसार मेंदूचं आकारमान थोडं घटतं, ते सगळ्यांचंच. पांगापांगीशी जास्त जोडली जातात ती डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाची घटती ग्रहणकेंद्रं आणि मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंची झीज. सौम्य डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) पांगापांग निरोगी समवयस्कांपेक्षा जास्त आढळते हेही खरं, पण ते गटांच्या तुलनेत. त्यावरून एकट्या माणसावर शिक्का मारता येत नाही.

‘चावी काढून घ्या’

ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १० मीटर जाते. ३०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ब्रेकआधी ३ मीटर जादा. फुलेवाडीच्या रस्त्यावर पुढच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीपासून तेवढं अंतर वाढवलं की हिशेब जमतो. चावी काढायचा प्रश्न येतो तो ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, सिग्नल न दिसणं, गाडीला वारंवार ओरखडे येणं सुरू झालं की.

‘कोडी सोडवा’

कोडी सोडवून कोडी चांगली सुटतात. गॅसवरचं दूध उतू जायचं थांबेलच, असं नाही.

खरी घाई करायची ती वेगळ्याच चढउताराला. काल ठीक असलेला माणूस काही तासांत भ्रमिष्टासारखा बोलू लागला, मधेच शुद्धीवर, मधेच गुंगीत, तर ते वय नव्हे. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं किंवा नवीन औषध, यांपैकी काहीही असू शकतं. मधुमेह असेल तर आधी साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्या. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, सर्दीची आणि झोपेचीसुद्धा.